गाडीची पुढची काच : टवका भरायचा की काच बदलायची?



आजचा पाठ थोडा वेगळा आहे. विषय आहे गाडीची पुढची काच, म्हणजेच विंडशील्ड. काचेला खडा लागून टवका उडाला किंवा तडा गेला, तर तो भरून घ्यायचा की काच बदलायची? आणि हे कोणी, कधी ठरवायचे? "हा तर गॅरेजवाल्याचा विषय, शाळेचा काय संबंध?" असे कोणाच्या मनात येईल. पण आपली मुले रोज ज्या व्हॅनमधून, जीपमधून किंवा एखाद्या सरांच्या गाडीतून शाळेत येतात, तिचा रस्ता चालकाला याच काचेतून दिसतो. शिवाय या एका काचेत आठवी ते दहावीच्या विज्ञानाचे तीन-चार धडे दडलेले आहेत. म्हणून पालकांसाठी माहिती आणि शिक्षकांसाठी पाठ, असे दोन्ही यात एकत्र मांडले आहे.

आपल्या भागात हा प्रश्न जास्त का?

म्हसा हे मुरबाड-कर्जत रस्त्यावरचे गाव. मुरबाडपर्यंत अजून रेल्वे पोहोचलेली नाही, त्यामुळे शाळा, बाजार, दवाखाना, कॉलेज सगळे रस्त्यावरच अवलंबून. मुरबाडहून पुढे माळशेज घाटाकडे जाणारा महामार्ग आहे आणि तिकडे शहापूरकडे मुंबई-नाशिक महामार्ग व कसारा घाट. या सगळ्या रस्त्यांवर खडी, रेती आणि माती वाहणारे डंपर असतात. कुठे ना कुठे रस्त्याचे काम चालू असते आणि नवीन टाकलेली बारीक खडी डांबरात नीट बसलेली नसते. पावसाळ्यात खड्डे पडतात, ते खडीने भरतात, आणि ती खडी पुन्हा चाकाखालून उडते. आपल्याकडची खडी म्हणजे सह्याद्रीचा काळा पाषाण, बेसाल्ट. धारदार आणि टणक.

पौष पौर्णिमेला म्हसोबाची यात्रा भरते, बैलबाजार भरतो, तेव्हा तर लांबलांबच्या गाड्या या रस्त्याला येतात. गर्दीत एका गाडीच्या मागे दुसरी अगदी चिकटून चालते. टवका उडायला एवढे पुरते.

मग चालकदादांचे ठरलेले वाक्य येते : "सर, एवढंसं तर आहे. काय होतंय त्याला? चाललंय तोवर चालू द्या, पुढच्या महिन्यात बघू." या "पुढच्या महिन्यात बघू" मध्येच खरा तोटा आहे. तो कसा, हे समजण्यासाठी आधी काच समजून घेऊ.

पुढची काच एक नसते, दोन असतात

गाडीच्या सगळ्या काचा सारख्या दिसतात, पण सारख्या नसतात.

दाराच्या आणि मागच्या काचा बहुतेक गाड्यांत टफन काचेच्या असतात. ही काच साधारण ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापवतात आणि हवेच्या झोतांनी झटकन गार करतात. बाहेरचा थर आधी आवळतो, आतला नंतर. त्यामुळे पृष्ठभाग कायम दाबाखाली राहतो आणि काच मजबूत होते. पण ती फुटली की पूर्णच फुटते. ज्वारीच्या दाण्यांसारखे बोथट तुकडे होतात. सुऱ्यासारखे लांब तुकडे होत नाहीत, हा तिचा फायदा.

पुढची काच मात्र लॅमिनेटेड असते. साधारण दोन-दोन मिलिमीटरच्या दोन काचा आणि मध्ये पीव्हीबी नावाच्या पारदर्शक, चिवट प्लॅस्टिकचा थर. हा थर सामान्यतः ०.७६ मि.मी. जाडीचा असतो. आपल्या सँडविचसारखी रचना. दगड लागला तर बाहेरची काच तडकते, पण मधला थर तुकडे धरून ठेवतो.

मग पुढेही टफन काच का नको? कारण टफन काचेचा एका क्षणात पांढरा चुरा होतो आणि चालकाला समोरचे काहीच दिसत नाही. लॅमिनेटेड काच तडकली तरी चालकाला गाडी बाजूला घेण्याएवढे दिसते. शिवाय अपघातात आतला माणूस बाहेर फेकला जाण्यापासून ही काच अडवते. ज्या गाड्यांत एअरबॅग असते, त्यांत डाव्या बाजूची एअरबॅग फुगताना अनेकदा याच काचेचा आधार घेते. म्हणजे ही काच फक्त वारा अडवायला नाही, ती गाडीच्या सांगाड्याचा भाग आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० मध्ये काचेबद्दल तरतुदी आहेत. पुढची काच लॅमिनेटेड सुरक्षा काच असावी आणि तिच्यातून किमान ७० टक्के प्रकाश आत आला पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. गाडीच्या काचांवर काळी फिल्म लावायला सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये मनाई केली, ती याच नियमाच्या आधारे.

मुलांना सांगायला एक गोष्टही आहे. १९०३ साली फ्रान्समध्ये एदुआर बेनेदिक्तस या माणसाच्या प्रयोगशाळेत काचेचा चंबू खाली पडला. तो तडकला, पण तुकडे विखुरले नाहीत. चंबूत पूर्वी सेल्युलोज नायट्रेटचे द्रावण होते, ते वाळून आतून पातळ पापुद्रा तयार झाला होता. त्या पापुद्र्याने तुकडे धरून ठेवले. १९०९ मध्ये त्यांनी या काचेचे पेटंट घेतले. पहिल्या महायुद्धात ही काच गॅस मास्कच्या डोळ्यांना वापरली गेली. पीव्हीबीचा थर १९३० च्या दशकाच्या अखेरीस आला आणि तोच आजही वापरतात.

एवढासा खडा, एवढी ताकद कुठून?

इथे नववीचा "कार्य आणि ऊर्जा" हा धडा कामाला येतो. समजा खडा ५ ग्रॅमचा आहे. तो हवेत उडालेला आहे आणि आपली गाडी ताशी ६० कि.मी. वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे १६.७ मीटर, त्याच्यावर आदळली. गतिज ऊर्जा = ½ × वस्तुमान × वेगाचा वर्ग. उत्तर येते सुमारे ०.७ ज्यूल.

आता तोच खडा समोरून येणाऱ्या गाडीच्या चाकातून ताशी ६० च्या वेगाने आपल्या दिशेने उडाला, तर सापेक्ष वेग ताशी १२० कि.मी. झाला. वेग दुप्पट, पण ऊर्जा चौपट : सुमारे २.८ ज्यूल. एक किलोचे वजन २८ सेंटिमीटरवरून, म्हणजे जवळजवळ फूटपट्टीच्या उंचीवरून पडले तर एवढी ऊर्जा होते. आणि ती सगळी खड्याच्या एका टोकावर!

या गणितातून चालकाला दोन गोष्टी सांगता येतात. डंपरच्या मागे चिकटून चालू नका, आणि नवीन खडी टाकलेल्या रस्त्यावर वेग कमी करा. वेग अर्धा केला तर फटका पाव होतो.

टवका वाढतो कसा?

टवका म्हणजे काचेत झालेली छोटी जखम. तिच्या टोकाशी ताण साठतो. कापडाला कात्रीने छोटी चीर दिली की पुढे ते हाताने टरकन फाटते, तसेच. हा ताण वाढवणारी कारणे आपल्याकडे बारा महिने असतात.

१. तापमान. काच तापली की प्रसरण पावते. साधारण १.४ मीटर रुंदीची काच ३० अंशांनी तापली तर सुमारे ०.३८ मिलिमीटरने वाढते. सगळी काच सारखी तापली तर फार बिघडत नाही. पण अर्धी उन्हात, अर्धी सावलीत असते. किंवा उन्हात तापलेल्या काचेवर कोणी बादलीभर गार पाणी ओततो. किंवा थंडीत पहाटे आतून गरम हवा सोडतो. मग एक भाग प्रसरण पावतो, दुसरा नाही, आणि तडा पुढे सरकतो.

२. खड्डे. गाडी खड्ड्यात आदळली की सांगाडा किंचित पिळतो. त्याबरोबर काचही पिळते.

३. पाणी. काचेच्या तड्याच्या टोकाशी पाणी किंवा बाष्प पोहोचले तर काचेतील बंध तुटायला मदत होते. म्हणजे पावसाळ्यात तडा नुसता ओला होत नाही, तो हळूहळू वाढत असतो. शिवाय पाण्याबरोबर चिखल आत जातो आणि मग दुरुस्ती नीट होत नाही.

४. दार आपटणे. सगळ्या काचा बंद असताना दार जोरात आपटले तर आतल्या हवेचा दाब काचेवर येतो.

म्हणून टवका आज नाण्याएवढा असेल, तर उद्या तो हातभर तडा झालेला असू शकतो. आणि टवका भरणे काही शेकड्यांचे काम, तर काच बदलणे काही हजारांचे.

ठरवायचे कसे? चार प्रश्न

टवका दिसला की हे चार प्रश्न विचारायचे. वहीत लिहून ठेवा, चालकदादांनाही द्या.

किती मोठा? टवका दोन रुपयांच्या नाण्याखाली झाकला जात असेल तर बहुधा भरता येतो. लांब तडा गेला असेल, किंवा एका ठिकाणाहून तीन-चार तडे निघून पसरले असतील, तर काच बदलण्याकडे कल ठेवावा.

कुठे? चालकाच्या नजरेसमोर असेल तर छोटा टवकाही गंभीर. कारण भरल्यावरही हलका डाग राहतो आणि रात्री समोरच्या गाडीचा दिवा त्यावर पडून चमकतो. काचेच्या कडेपासून दोन-तीन बोटांच्या आत असेल तरही धोका. कडेला ताण जास्त असतो, तिथला तडा लवकर पळतो. नवीन गाड्यांत आरशामागे कॅमेरा असतो, त्याच्यासमोरचा टवका भरणेही योग्य नाही.

किती खोल? फक्त बाहेरची काच तुटली असेल तरच भरता येते. हे बघायला कापसाचा बोळा आधी बाहेरून, मग आतून त्या जागेवर हलकेच फिरवा. आतल्या बाजूलाही कापूस अडकला तर दोन्ही काचा गेल्या आहेत. तिथे काच बदलणे हाच उपाय. बोट फिरवू नका, काचेची कुसळे बारीक असतात.

किती जुना? कालचा टवका स्वच्छ असतो. दोन पावसाळे पाहिलेल्या टवक्यात माती बसलेली असते. तो भरला तरी काळसर दिसतो आणि भरण नीट धरत नाही.

तुलनेसाठी ब्रिटनचा नियम पाहा. तिथल्या गाड्यांच्या तपासणीत चालकासमोरचा २९० मि.मी. रुंदीचा पट्टा वेगळा धरतात. या पट्ट्यात वायपर फिरतो त्या भागात १० मि.मी. पेक्षा मोठी इजा असेल तर गाडी नापास. वायपरच्या बाकीच्या भागात ही मर्यादा ४० मि.मी. आहे. आपल्याला मोजायला सोपी युक्ती : ए-फोर कागदाची लांब बाजू २९७ मि.मी. असते. तो कागद स्टिअरिंगच्या मध्यरेषेवर आडवा धरला की चालकाचा तो महत्त्वाचा पट्टा लगेच कळतो.

टवका भरतात म्हणजे नक्की काय करतात?

अनेकांना वाटते की वरून गोंद फासतात. तसे नाही. आधी सुटे कण काढतात आणि टवक्यातला ओलावा घालवतात. मग काचेला रबरी कपाने चिकटणारे छोटे यंत्र लावतात. ते टवक्यातली हवा ओढून घेते आणि दाबाने पातळ, पारदर्शक रेझिन आत सोडते. हवा काढणे आणि रेझिन सोडणे असे काही वेळा करतात. मग त्यावर अतिनील किरणांचा दिवा धरतात. काही मिनिटांत रेझिन कडक होते. वरचे जास्तीचे ब्लेडने खरवडून जागा घासून गुळगुळीत करतात. साधारण अर्ध्या तासाचे काम.

यानंतर टवका जवळजवळ दिसेनासा का होतो? दहावीचा "प्रकाशाचे अपवर्तन" धडा आठवा. काचेचा अपवर्तनांक सुमारे १.५, हवेचा सुमारे १. टवक्यात हवा असते, म्हणून काच आणि हवा यांच्या सीमेवर प्रकाश वळतो, परावर्तित होतो आणि तडा चमकतो. रेझिनचा अपवर्तनांक काचेच्या जवळचा असतो. हवेची जागा रेझिनने घेतली की प्रकाशाला सीमा जवळपास जाणवतच नाही. पण पूर्ण नाहीसा होईल अशी अपेक्षा ठेवू नका. तडा थांबला, हे खरे यश.

आता एक महत्त्वाची सूचना. टवका उडाला की घरी पडलेला झटपट चिकटणारा गोंद, नेलपॉलिश किंवा एम-सील त्यात भरू नका. ते आत कडक होऊन बसते, नंतर खरे रेझिन आत जाऊ शकत नाही, आणि भरता येण्यासारखी काच बदलावी लागते. दुकानात जाईपर्यंत त्यावर फक्त पारदर्शक चिकटपट्टी लावा, म्हणजे पाणी आणि धूळ आत जाणार नाही. चिकटपट्टी चालकाच्या नजरेच्या आड येत असेल तर मात्र लावू नका, सरळ दुकान गाठा.

काच बदलताना काय बघायचे?

जुन्या जीप, ट्रक, टेम्पो यांत काच रबरी बीडिंगमध्ये बसवलेली असते. अशा ठिकाणी काचेबरोबर रबरही तपासा. कडक झालेल्या, चिरा गेलेल्या रबरातून पावसाळ्यात पाणी झिरपते आणि खालचा पत्रा गंजतो. अलीकडच्या बहुतेक गाड्यांत मात्र काच पॉलियुरेथेनच्या चिकट पदार्थाने चौकटीला घट्ट चिकटवलेली असते. तिथे कामाची गुणवत्ता फार महत्त्वाची.

* काच लॅमिनेटेडच असावी. कोपऱ्यावरच्या छापात तसा उल्लेख असतो. भारतीय मानक आयएस २५५३ आणि आयएसआयची खूण आहे का पाहा. "टफन बसवतो, स्वस्त पडेल" असे कोणी म्हणाले तर पुढच्या काचेसाठी सरळ नाही म्हणा.
* जुनी काच काढल्यावर चौकटीला गंज दिसला तर आधी तो साफ करून प्रायमर लावला पाहिजे. गंजावर चिकटवलेली काच टिकत नाही.
* चिकट पदार्थ गाडीच्या काचेसाठीचाच असावा. घराच्या खिडकीला लावतात ते सिलिकॉन इथे चालत नाही.
* काच बसवल्याबरोबर गाडी रस्त्यावर काढू नका. चिकट पदार्थ कोणता आहे त्यावर तास-दोन तासांपासून अनेक तासांपर्यंत थांबावे लागते. किती थांबायचे, हे कारागिराला विचारून घ्या आणि तेवढे थांबा. हा पदार्थ हवेतल्या बाष्पाने कडक होतो, त्यामुळे कोरड्या, थंड दिवसात वेळ जास्त लागतो.
* पहिला दिवसभर दाराची काच बोटभर उघडी ठेवा, दार आपटू नका, जोराच्या पाण्याने गाडी धुऊ नका.
* आरशामागे कॅमेरा असलेल्या गाडीत काच बदलल्यावर कॅमेऱ्याची जुळणी पुन्हा करून घ्यावी लागते.

वायपरचे रबरही याच वेळी बदला. घासलेला वायपर नव्या काचेवर पहिल्याच पावसात ओरखडे पाडतो.

विम्याचे काय?

फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर स्वतःच्या काचेचे पैसे मिळत नाहीत. त्यासाठी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा समावेश असलेला विमा हवा. अशा विम्यात काचेच्या भागांवर घसारा कापत नाहीत, तर रबर, प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के कापतात. खासगी कारसाठी १५०० सीसीपर्यंत १००० रुपये आणि त्यापुढे २००० रुपये स्वतः भरावे लागतात.

पण एक हिशोब आधी करा. दावा केला तर नो क्लेम बोनस जाऊ शकतो. हा बोनस पहिल्या वर्षाला २० टक्के असतो आणि वाढत ५० टक्क्यांपर्यंत जातो. टवका भरण्यासारख्या छोट्या खर्चासाठी बोनस गमावणे परवडत नाही. काही विमा कंपन्या काचेच्या दुरुस्तीला बोनसमधून सवलत देतात, म्हणून आपली पॉलिसी वाचून मगच ठरवा. प्रवासी वाहनाच्या पॉलिसीच्या अटी वेगळ्या असतात, त्या चालकदादांनी आपल्या विमा प्रतिनिधीकडून समजून घ्याव्यात.

वर्गात काय घेता येईल?

फुटकी काच वर्गात आणायची नाही, हा पहिला नियम. बाकी पुढील गोष्टी सहज होतात.

* काच गायब करा. प्रयोगशाळेतील बोरोसिलिकेट काचेची छोटी परीक्षानळी खाद्यतेलाने भरा आणि तेलाच्याच चंचुपात्रात बुडवा. नळी जवळपास दिसेनाशी होते. मग रिकामी नळी बुडवा, ती स्पष्ट दिसते. टवका का चमकतो आणि रेझिनने का लपतो, हे मुलांना एका मिनिटात कळते.
* सँडविच काच. पातळ बिस्किटावर पारदर्शक चिकटपट्टी लावून ते मोडा आणि चिकटपट्टीशिवायचे दुसरे बिस्कीट मोडा. तुकडे कुठे विखुरतात आणि कुठे चिकटून राहतात, मुलांना निरीक्षण लिहायला सांगा.
* एका सेकंदाचे अंतर. ताशी ६० कि.मी. वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. शाळेच्या मैदानावर १७ मीटर मोजून फक्कीने रेघ मारा. तड्यावर दिवा चमकून चालकाचे डोळे एक सेकंद दिपले, तर गाडी इतकी आंधळी चालते. ही रेघ मुले विसरत नाहीत.
* प्रसरणाचे गणित. वरचे ०.३८ मि.मी.चे उदाहरण आठवीच्या "उष्णतेचे मापन व परिणाम" या धड्याला जोडता येते.
* महाराष्ट्राची काच. स्वदेशीच्या काळात तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाच्या वर्गणीतून १९०८ साली काच कारखाना सुरू झाला. पुढे १९१६ मध्ये कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीत ओगले काच कारखाना उभा राहिला, ज्याचा प्रभाकर कंदील घराघरांत पोहोचला. आज चाकण परिसरात गाड्यांच्या काचा बनतात. कंदिलाच्या काचेपासून विंडशील्डपर्यंत, असा छोटा प्रकल्प मुलांना देता येईल.

व्हॅनचालक, पालक आणि शाळा

आता मूळ मुद्द्याकडे. गाडीला योग्यता प्रमाणपत्र असते, परिवहन कार्यालयात तपासणी होते, हे खरे. पण ती तपासणी वर्षा-दोन वर्षांनी होते आणि टवका एका सेकंदात उडतो. मधल्या काळात बघणार कोण? सदोष गाडी रस्त्यावर चालवणे मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली गुन्हा आहे, पण पोलिसांनी पकडेपर्यंत वाट बघायची का?

महाराष्ट्रात स्कूल बसबाबतचे नियम २०११ मध्ये आले. त्यानुसार शाळेत परिवहन समिती असते. मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष असतात आणि पालक-शिक्षक संघाचा प्रतिनिधी तिच्यात असतो. अनेक ठिकाणी ही समिती भाड्याच्या चर्चेपुरतीच बसते. तिने महिन्यातून एकदा शाळेच्या दारात गाड्यांच्या पुढच्या काचा पाहिल्या तर पाच मिनिटे पुरतात. तारीख, गाडी क्रमांक, टवका आहे किंवा नाही, वायपर चालतो किंवा नाही, काचेवर मोठे स्टिकर किंवा लोंबणाऱ्या माळा आहेत का, एवढी नोंद एका वहीत.

मात्र नुसते बोट दाखवून उपयोग नाही. चालकदादा काम का पुढे ढकलतात, तेही समजून घ्यायला हवे. त्यांना काच बघायला मुरबाड किंवा कल्याण गाठावे लागते. एक दिवस गाडी बंद म्हणजे त्या दिवसाची कमाई बंद, वर खर्च वेगळा. काही पालक त्या दिवसाचे भाडे कापायला बसलेले. मग "पुढच्या महिन्यात बघू" नाही म्हणणार तर काय म्हणणार?

म्हणून समितीने आधीच ठरवून टाकावे : काचेच्या कामासाठी गाडी एक दिवस बंद राहिली तर भाडे कापायचे नाही. त्या दिवशी मुलांना आणण्याची पाळी पालकांनी वाटून घ्यायची. टवका भरण्याचा खर्च एका व्हॅनमधल्या सगळ्या मुलांच्या पालकांत वाटला तर प्रत्येकी फार थोडा येतो. आणि त्या बदल्यात चालकाने टवका दिसल्यापासून आठ दिवसांत तो दाखवून आणायचा. दोन्ही बाजूंनी पाळता येईल असा हा करार आहे.

शेवटी एक सूचना, जी मुलांनाही सांगून ठेवा. चालत्या गाडीची काच अचानक तडकली तर चालकाने घाबरून ब्रेक दाबू नये. वेग हळूहळू कमी करून, दोन्ही बाजूंचे दिवे लुकलुकत ठेवून गाडी कडेला घ्यावी. मुलांनी काचेला आतून हात लावू नये. पुढच्या सीटवरच्या मुलाला मागे बसवावे. समोरचे स्पष्ट दिसत नसेल तर तीच गाडी मुलांना घेऊन पुढे न्यायची नाही, दुसरी गाडी बोलवायची. शाळेला अर्धा तास उशीर झाला तरी चालेल. हजेरीत लाल शाई लागणार नाही, हे मुख्याध्यापकांनी आधीच सांगून ठेवावे.

उद्या सकाळी मुलाला गाडीत बसवताना फक्त एकदा समोरच्या काचेकडे नजर टाका. टवका दिसला तर चालकदादांना तिथेच, नीट शब्दांत सांगा आणि कधी दाखवणार ते विचारा.